सौदीहून कायमचा परत आलोय. शुगर आहे, रेशन कार्डातून नाव गेलंय. आरोग्य विम्याचं काय करावं?

दुधनाकाठ (परभणी जिल्हा) यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. इथं बरेच दिवस वाचायलोय, लिहायलोय पहिल्यांदाच. जरा लांबंल, पण अर्धं सांगितलं तर उत्तरही अर्धंच येईल म्हणून सगळं सांगतो.

मी पाइप फिटर. वय 51. नववीतून शाळा सुटली, वेल्डिंगच्या दुकानात हेल्पर राहिलो आणि तिथून एजंटामार्फत सौदीला गेलो. जुबैलला पेट्रोकेमिकल कारखान्यांत शटडाऊनची, म्हणजे कारखाना बंद ठेवून करायच्या दुरुस्तीची कामं. एक ठेका संपला की घरी, दुसरा लागला की परत, असं करत अर्धी उमर तिकडंच गेली. बीपीची गोळी आधीपासून होतीच, मागच्या मेडिकलमध्ये शुगर निघाली. मग उंचावरच्या कामाला फिटनेस देईनात. ठेका संपला, कंपनीनं फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं परत जायचा शिक्का मारला, दिवाळीच्या आधी गावी आलो. आता परत जायचं नाही.

तिकडं दवाखान्याची चिंता अशी कधी केलीच नाही. खासगी कंपनीतल्या परदेशी कामगाराचा आरोग्य विमा मालकानं काढायचा, हा तिथला कायदाच आहे. कार्ड दाखवलं की डॉक्टर, रक्ताच्या तपासण्या, महिन्याच्या गोळ्या. इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, संपला तसं ते कार्डही संपलं. आणि ते कार्ड माझ्या एकट्याचं. बायको, लेकरं, आई-वडील कायम गावाकडंच राहिले, त्यांच्यासाठी त्यात काहीच नव्हतं.

आता घरात अडचणी एकदमच आल्यात. बायकोच्या गर्भाशयात गाठ आहे. खासगी डॉक्टरनं पिशवी काढायला सांगितली. सरकारी आरोग्य योजनेतून होईल का विचारलं तर म्हणाले, योजनेत बसत नाही, पैसे भरावे लागतील. रेशन कार्ड वडिलांच्या नावचं, केशरी. सगळ्यांनी ई-केवायसी केली तेव्हा मी जुबैलला. अंगठा लावायला माणूसच नाही, म्हणून माझं नाव उडालं. आई-वडील, बायको, मुलगा, मुलगी यांची नावं आहेत. सेतूवाला म्हणतो वेगळं कार्ड काढा. पुरवठ्याच्या खिडकीवर म्हणतात आधी जुन्यात नाव घाला. दोघांपैकी कुणीच लिहून देत नाही.

खासगी विम्याचा एजंट घरी येऊन गेला. 10 लाखांची सगळ्या कुटुंबाची पॉलिसी, हप्ता वर्षाला 40 हजारांच्या आसपास. वरून म्हणतो, फॉर्मवर शुगर लिहू नका, लिहिली तर हप्ता वाढंल नाहीतर प्रस्तावच परत येईल. हे मला पटंना. पण गावातले दोघं-तिघंही हेच सांगायलेत.

जाताना एजंटनं काढून दिलेला प्रवासी भारतीय बीमा योजनेचा कागद अजून जपून ठेवलाय, त्यावर 10 लाख लिहिलंय. बँकेतून वर्षाला 20 रुपये कापतात, तोही विमाच म्हणं. ह्यातून दवाखान्याचं काही निघतं का?

वडील स्वतःला 74 चे सांगतात. आधारवर 68 पडलंय, आणि जन्मतारीख 1 जानेवारी, जशी गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची आहे. सत्तरीच्या पुढच्यांना 5 लाखांचं कार्ड मिळतं असं ऐकलंय.

कंपनीच्या हिशोबाचे पैसे आलेत. त्यातून मुलीचं शिक्षण पुरं करायचंय, लग्न करायचंय, आणि दोन एकर कोरडवाहूत बोअर घ्यायचाय. गल्फहून आला म्हणजे पैसा घेऊन आला असं गावाला वाटतं, दवाखान्याच्या काउंटरवरही तेच वाटतं. पण हे पैसे पुन्हा येणारे नाहीत. एका ऑपरेशनात निम्मे गेले तर मागं काय राहील, ह्या विचारानं झोप लागंना. जाणत्यांनी मार्ग सांगावा.

कयाधू_हिंगोली:

भाऊ, बाकीचं जाणते सांगतील, शेवटच्या दोन कागदांचं मी सांगतो. 20 रुपयांचा तो पंतप्रधान सुरक्षा बीमा. अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर 2 लाख. आजारपणाचा एक रुपयाही त्यातून मिळत नाही. पण बंद करू नका, 70 वर्षांपर्यंत चालतो.

प्रवासी भारतीय बीमा दहावी पास नसलेल्या कामगाराला इमिग्रेशन क्लिअरन्सच्या, म्हणजे बाहेर कामाला जायच्या सरकारी परवानगीच्या वेळी काढावाच लागतो. हप्ता 2 वर्षांना 275 किंवा 3 वर्षांना 375 रुपये. 10 लाख हे अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाचे, आणि तेही बाहेर कामावर असतानाचे. मुदत संपली की तो कागद संपला. तिकडं अपघात होऊन काही अंग निकामी झालं असेल तर सांगा, मग वेगळी गोष्ट.

दुधनाकाठ:

नाही भाऊ, देवाच्या दयेनं अपघात कधी झाला नाही. दोन्ही कागदांचा उलगडा झाला, आभारी आहे.

गोदावरीची_लेक (नांदेड):

दादा, मी काही वर्षं आरोग्यमित्र म्हणून काम केलंय, म्हणजे योजनेच्या रुग्णालयात दाराजवळ जो कक्ष असतो तिथे बसून लोकांचे कागद बघायचं काम. तुमच्यासारखी बाहेरून परत आलेली माणसं माझ्या टेबलासमोर पुष्कळदा आलीत. बहुतेकांना वाटतं की आता सगळं नव्याने विकत घ्यावं लागणार. तसं नाही. मराठवाड्यातल्या माणसाला जे आधीच मिळालेलं आहे ते आधी बघू, विकत घ्यायचं नंतर.

सगळ्यात आधी वहिनींचं, कारण ते थांबलेलं आहे आणि थांबायची गरज नाही. तुमचं नाव उडालं, त्यांचं नाही. केशरी कार्डावर त्यांचं नाव आहे म्हणजे महात्मा फुले जन आरोग्य योजनेत त्या आजच, या घडीला आहेत. तुमच्या नावाचा घोळ मिटेपर्यंत त्यांना थांबवू नका. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार, हप्ता काही नाही, आणि आजार योजनेत यायच्या आधीपासूनचा आहे म्हणून कुणी नाकारत नाही. खासगी विमा आणि ही योजना यांत गरिबाच्या दृष्टीने सगळ्यात मोठा फरक हाच आहे.

‘योजनेत बसत नाही’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की मला त्याचा राग येतो. त्याचे अर्थ वेगवेगळे असतात. कधी ते रुग्णालय योजनेत असतं, पण त्या विभागासाठी नसतं. कधी ती शस्त्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेली असते, खासगीला तिचे पैसे मिळतच नाहीत. कधी नुसती टाळाटाळ असते. म्हणून तोंडी उत्तरावर परत फिरायचं नाही. 155388 किंवा 1800 233 2200 ला फोन लावा, आजार सांगा आणि आपल्या जिल्ह्यात तो कुठे होतो ते विचारा. परभणीला 2023 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. नाहीतर आमचं नांदेडचं विष्णुपुरीचं आहेच.

आणि एक, विम्याशी संबंध नाही पण बोलल्याशिवाय राहवत नाही. पिशवी काढायचा सल्ला एकाच डॉक्टरच्या शब्दावर मानू नका. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या पिशव्या कशा काढल्या गेल्या त्याची 2019 साली चौकशी झाली, ते आपण सगळ्यांनी वाचलंय. गाठ असली की पिशवी काढावीच लागते असं नाही. सरकारी रुग्णालयात स्त्रीरोग विभागात सोनोग्राफी दाखवा, वहिनींचं वय किती, त्रास काय, हे त्यांना स्वतःला सांगू द्या. मग ठरवा.

आता तुमचं नाव. ही योजना 2012 मध्ये सुरू झाली तेव्हा राजीव गांधी जीवनदायी म्हणायचे. पहिल्या टप्प्यात 8 जिल्हे होते, त्यात आपलं नांदेड होतं. पुढे आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही घेतलं, त्यात मराठवाड्याचे आठही जिल्हे होते. तेव्हा रक्कम दीड लाख होती. 1 जुलै 2024 पासून पिवळं, केशरी, पांढरं असा भेद राहिला नाही आणि सगळ्यांना 5 लाख झाले. हे सांगायचं कारण, गावात अजून जुने नियम सांगणारे भेटतात. गल्फमध्ये कमावत होता म्हणून तुम्हाला योजना नाही, असंही कुणी म्हणेल. तसा नियम नाही.

शिधापत्रिका नसली तर अधिवास प्रमाणपत्रावर लाभ देण्याची तरतूद शासन निर्णयात आहे. पण टेबलावर बसून मी जे पाहिलं ते असं, की संगणकात 12 अंकी रेशन कार्ड क्रमांक टाकल्यावर नाव आलं तर काम झटकन होतं, नाही आलं तर फोनाफोनी सुरू होते. म्हणून नाव लावूनच घ्या. जुन्या कार्डात वाढवायचं की नवीन काढायचं? माझं मत विचाराल तर आधी जुन्यात वाढवा. वेगळं कार्ड काढायचं तर बायको-मुलांची नावं तिथून कमी करावी लागतात. ती कमी झाली आणि नवीन कार्ड अडकलं, तर मधल्या काळात वहिनी कुठेच नाहीत. ऑपरेशन तोंडावर असताना हा धोका घेऊ नका. अर्जाला आधार जोडा, पासपोर्टवरचा परत आल्याचा शिक्का ज्या पानावर आहे त्याची झेरॉक्स जोडा, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. नाव लागलं की लगेच रेशन दुकानात जाऊन अंगठा द्या.

आजोबांचं, म्हणजे तुमच्या वडिलांचं, तर आणखी सोपं. केशरी कार्डावर नाव आहे, म्हणजे तेही कुटुंबाच्या 5 लाखांत आहेतच. आयुष्मान वय वंदना कार्ड ऑक्टोबर 2024 मध्ये आलं, 70 पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्न न बघता. त्यात घरातल्या 70 पुढच्यांना, बाकीच्यांशी वाटून न घेता, वेगळे 5 लाख मिळतात. पण वय आधारवरचं धरतात. आधारवरची जन्मतारीख दुरुस्त करायची तर जन्माचा खरा पुरावा लागतो. असेल तर करा. नसेल तर खोटे दाखले करायच्या फंदात पडू नका, दोन वर्षांत आधारनेही 70 होतीलच. आजींचं आधारवरचं वय मात्र आज बघून घ्या. कधी कधी नवरा 68 आणि बायको 71 असाही घोळ असतो, मग तिला लगेच कार्ड मिळतं.

शेवटचं. योजना भरती झाल्यावरची आहे. रोजच्या शुगर-बीपीच्या गोळ्या तिच्यात येत नाहीत. त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय. 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. गोळी खंडू देऊ नका दादा. परत आलेली माणसं कंपनीचं कार्ड संपलं की गोळ्या बंद करतात आणि थेट झटका घेऊनच आमच्याकडे येतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

दुधनाकाठ:

ताई, दोनदा वाचलं, मग बायकोला वाचून दाखवलं. तिचं नाव आहे म्हणजे तिचं काम होतं, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. सगळे माझंच नाव धरून बसले होते. उद्याच परभणीला घेऊन जातो.

गोळीचं म्हणलात ते खरं आहे. तिकडून येताना तीन महिन्यांच्या आणल्या होत्या, त्या पुरवून पुरवून खायलो होतो. आता केंद्रात जातो.

पण खासगी विम्याचं अजून डोक्यात आहे. योजनेतला खाट मिळंना, यादीत आजारच बसंना, असंही होतं की. मुलगा आयटीआयला आहे, मुलगी बी.एस्सी.ला. त्यांच्यासाठी तरी काढावा का? आणि शुगरचं खरं लिहावं का?

मांजरापट्टा (उदगीर):

खरंच लिहा. दुसरं उत्तरच नाही.

मी कुवेतला डिझेल मेकॅनिक होतो, परत येऊन काही वर्षं झाली. तुम्हाला जो सल्ला एजंटनं दिला तोच माझ्याबरोबर परत आलेल्या एका दोस्ताला मिळाला होता. त्यानं शुगर लपवली. हप्ते भरले, दुसऱ्या वर्षी छातीत दुखलं, अँजिओप्लास्टी झाली आणि दावा फेटाळला. कंपनीला कळलं कसं? कुणी चुगली केली नाही. भरती होताना कोणताही डॉक्टर पहिल्या पानावर विचारून लिहितो, शुगर आहे का, किती वर्षांपासून, गोळी कोणती. माणूस दुखण्यात असतो, जीव वाचवायचा असतो, तो खरं सांगतोच. आणि सांगायलाच पाहिजे, नाहीतर डॉक्टर चुकीचं औषध देईल. तेच पान विमा कंपनीकडं जातं. म्हणजे हे खोटं टिकवायचं तर डॉक्टरलाही खोटं सांगावं लागेल. एजंटला पहिल्या वर्षाचं कमिशन मिळून गेलेलं असतं, नुकसान तुमच्या घराचं होतं.

आता नियम सांगतो. एप्रिल 2024 पासून विमा नियामकानं आधीच्या आजाराची प्रतीक्षा जास्तीत जास्त 3 वर्षांवर आणली, पूर्वी 4 होती. म्हणजे शुगर लिहून पॉलिसी घेतली तर शुगरमुळं होणाऱ्या आजाराचे दावे फार तर 3 वर्षं थांबतील, त्यानंतर द्यावेच लागतील. बाकीचे आजार पहिले 30 दिवस सोडले की चालू होतात, अपघात तर पहिल्या दिवसापासून. मोतीबिंदू, हर्निया, पिशवीचं ऑपरेशन अशा काहींना वेगळी मुदत असते, बहुतेक ठिकाणी 2 वर्षं. त्यामुळं वहिनींच्या आत्ताच्या कामाला खासगी पॉलिसीचा उपयोग नाही, ताईंनी सांगितलेला रस्ताच बरोबर. आणि सलग 60 महिने पॉलिसी चालली की त्यानंतर ‘तुम्ही अमुक सांगितलं नव्हतं’ म्हणून दावा नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी.

सौदीतल्या विम्याची वर्षं इथं धरत नाहीत. पोर्ट करणं, म्हणजे जुनी वर्षं धरून पॉलिसी दुसरीकडं नेणं, हे भारतातल्याच एका कंपनीतून दुसरीत. तिकडं कितीही वर्षं विमा असला तरी इथं तुम्ही पहिल्या दिवसापासून नवे. हीच गोष्ट मला जास्त लागते. आमच्या कॅम्पात केरळचा एक फोरमन होता. त्यानं मला नोकरीत असतानाच भारतातली पॉलिसी घ्यायला लावली. मी म्हणालो, कंपनीचं कार्ड असताना दुहेरी पैसे कशाला? तो म्हणाला, हे आजच्यासाठी नाही, परत गेल्यावर तीन-चार वर्षं वाट बघावी लागू नये म्हणून. उपचार भारतातच घ्यायचे, पण प्रतीक्षेची वर्षं तुम्ही तिकडं काम करत असताना सरकून जातात. शिवाय तेव्हा मी धडधाकट होतो, फॉर्मवर लिहायला आजारच नव्हता. परत आल्यावर बीपी निघालं, पण पॉलिसी जुनी होती, कुणी काही विचारलं नाही. केरळात हे लोकांच्या अंगवळणी पडलंय, कारण तिथल्या सरकारनं 1996 सालीच बाहेर गेलेल्यांसाठी नोर्का नावाचं खातं काढलं, आणि 2025 मध्ये नोर्का केअर हा 5 लाखांचा आरोग्य विमाही आणला. आपल्या परभणी-नांदेड-बीडमधून इतकी पोरं गल्फला जातात. जाताना मेडिकल कुठं करायचं, व्हिसाचे किती पडतील, हे सगळं सांगायला माणसं आहेत. परतल्यावर दवाखान्याचं काय, हे कुणी सांगत नाही. म्हणून मी हे प्रत्येक ठिकाणी लिहीत असतो.

तुमच्यासाठी माझा सल्ला असा. 10 लाखांची सगळ्यांची एकत्र पॉलिसी घेऊ नका. एकत्र पॉलिसीत हप्ता सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो आणि तुमच्या शुगरचा बोजा लेकरांवर पडतो. बायको आणि दोन्ही लेकरांची एक पॉलिसी, तुमची स्वतःची वेगळी. वहिनींच्या फॉर्मवर गाठीचंही लिहायचं. तुमच्यासाठी ‘आरोग्य संजीवनी’ बघा. ही एकाच मजकुराची पॉलिसी प्रत्येक कंपनीला विकावी लागते, त्यामुळं शब्दांच्या जाळ्यात अडकायची भीती कमी. प्रत्येक बिलातले 5 टक्के तुम्हाला भरावे लागतात आणि खोलीच्या भाड्याला मर्यादा आहे, तेवढं ध्यानात ठेवा. शुगरवाल्यांना जादा हप्ता घेऊन लवकर संरक्षण देणाऱ्याही पॉलिसी असतात, हातात पैसा आहे तोवर चौकशी करा. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. एजंटनं हप्त्यावर 18 टक्के धरले असतील तर हिशोब पुन्हा करून मागा.

फॉर्म स्वतः भरा, किंवा पोरीला भरायला लावा. एजंटला नुसती सही करून कोरा फॉर्म देऊ नका. पॉलिसी हातात आल्यावर 30 दिवसांत पटली नाही तर परत करता येते. त्या 30 दिवसांत प्रस्तावाची प्रत उघडून बघा, शुगरपुढं ‘नाही’ लिहिलेलं असेल तर लगेच लेखी दुरुस्ती मागा. दावा नाकारलाच तर आधी कंपनीकडं लेखी तक्रार, महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. मराठवाड्याला पुण्याचं कार्यालय लागतं. फी नाही, वकील लागत नाही.

वाळूजकर:

एक वाट राहून गेली म्हणून लिहितो. मी छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला एका प्लांटमध्ये मेंटेनन्सला आहे. काका, तुम्ही पाइप फिटर, जुबैलचा अनुभव. आमच्याकडे वाळूज-शेंद्र्याला ठेकेदार अशी माणसं शोधत असतात. पगार गल्फसारखा नाही हे खरं. पण पगार 21,000 च्या आत असेल आणि ठेकेदार कामगार विमा (ईएसआय) भरत असेल, तर तुमच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो, सव्वातीन टक्के मालक भरतो, आणि तुम्ही, बायको, शिकणारी मुलं सगळे कामगार विम्यात येता. मेडिकल विचारत नाहीत, शुगर विचारत नाहीत, प्रतीक्षा वर्षं नाहीत. चिकलठाण्याला रुग्णालय आहे.

फक्त कामाला लागताना ठेकेदाराला तोंडावर विचारायचं, ईएसआय नंबर कधी मिळेल? ‘बघू’ म्हणाला तर दुसरा ठेकेदार बघा. तुमचा मुलगा आयटीआय करतोय, तो अप्रेंटिसशिप संपवून इकडे नोकरीला लागला तर त्याच्या कार्डावर आई-वडिलांनाही घेता येतं, आई-वडिलांचं स्वतःचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल तर. आमच्या लाइनवर दोन पोरांनी असंच आईचं ऑपरेशन केलंय.

दुधनाकाठ:

वाळूजकर, हे डोक्यातच आलं नव्हतं. गावात बसून राहायचं माझ्याही जिवावर आलंय, पण आई-वडिलांना सोडून पुन्हा बाहेर राहायचं म्हणलं की बायको गप्प होते. मुलाच्या बाबतीत मात्र नक्की धरतो. 

सगळ्यांना कळवायचं म्हणजे, बायकोला परभणीला दाखवून आणलं. मॅडमनी नवीन सोनोग्राफी केली. गाठ लहान आहे, वय बघता पिशवी लगेच काढायची गरज नाही, तीन महिने गोळ्या घेऊन परत या म्हणाल्या. ऑपरेशन लागलंच तर योजनेतून इथंच होईल असंही सांगितलं. नाव वाढवायचा अर्ज दिला, पोच घेतली. एजंटला सांगितलं की शुगर लिहूनच फॉर्म भरीन. तो म्हणाला मग विचार करून सांगतो. तोवर मी दुसरा एजंट बघितलाय.

मांजरापट्टा भाऊ, एक विचारायचंय. माझा चुलत भाऊ अजून जुबैललाच आहे, वय 38, आजार काही नाही. उन्हाळ्यात सुट्टीवर येणार आहे. तुम्ही म्हणता तसं त्यानं काय काय करून जावं?

मांजरापट्टा (उदगीर):

38 चा आहे आणि निरोगी आहे, म्हणजे हप्ता आत्ताच सगळ्यात कमी लागेल. स्वतःची आणि घरच्यांची पॉलिसी याच सुट्टीत घेऊन टाकायला सांगा. फॉर्मवर परदेशात राहतो, काम काय करतो, हे खरं लिहायचं. हप्ता खात्यातून आपोआप जाईल अशी सोय करून ठेवायची, कारण नूतनीकरण चुकलं आणि सवलतीचे दिवसही उलटले की मागची सगळी वर्षं वाया जातात. आणि तिकडं दर वर्षी मेडिकल होतं, त्याच्या रिपोर्टच्या प्रती मोबाईलवर नाही, कागदावर काढून आणायच्या. फायनल एक्झिटनंतर तिथल्या दवाखान्यातून कागद मागवणं फार अवघड जातं.

गोदावरीची_लेक (नांदेड):

आणि सुट्टीत आल्याबरोबर रेशन दुकानात अंगठा. शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका म्हणावं, मशीनला नेमकं तेव्हाच नेटवर्क नसतं. आधारला चालू मोबाईल नंबर जोडलेला आहे का तेही बघा. सौदीचा नंबर जोडून ठेवलेला असतो आणि इथं ओटीपी येत नाही. घरच्यांपैकी कुणाचं आयुष्मान कार्ड, म्हणजे योजनेचं कार्ड, काढायचं राहिलं असेल तर त्याच वेळी काढून घ्या. आधार आणि 12 अंकी रेशन क्रमांक एवढंच लागतं.

दादा, वहिनींची तीन महिन्यांची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. तुमचं नाव लागल्याचं दुकानदाराकडून कळलं की इथे टाका. महिनाभरात लागलं नाही, तर पोच घेऊन तहसीलला लेखी अर्ज कसा द्यायचा ते मी सांगते.